जिवंताच्या नावाचे गहू

गेली सहा वर्षे चेरी पिकू लागल्या, की वेलिका रस्त्याकडच्या फांदीखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत ओंजळभर चेरी खात असे. स्लिवाक गावात ज्या बाईचा नवरा किंवा मूल गेलेले असेल, ती चेरीच्या शनिवारपर्यंत, म्हणजे मृतांच्या नावाने गहू आणि चेरी वाटून होईपर्यंत, नवी चेरी जिभेवर ठेवीत नाही. तेव्हा वेलिकाचे ते खाणे भुकेचे नव्हते. ते गावाला दिलेले उत्तर होते, आणि गावाला ते कळत होते. ‘रादुलोवांची वेलिका चेरी खातेय,’ असे बायका विहिरीवर म्हणत, त्याचा अर्थ नेद्याल्को रादुलोव अजून जिवंत आहे, निदान त्याच्या बायकोपुरता तरी, असा होई.

या वर्षी तिने एकही चेरी तोडली नव्हती. शेंड्यावरची फळे पाखरांनी फोडली, खालची उन्हात काळी पडली, तरी ती झाडाकडे पाठ करूनच अंगणात वावरली. शुक्रवारी तिने गहू निवडले, उकडले, धुवट कापडावर पसरून कोरडे केले. शनिवारी सकाळी त्यांत अक्रोडाची भरड, साखर आणि दालचिनी कालवताना तिच्या ध्यानात आले, की ज्या कामाला आपण इतकी वर्षे नाही म्हटले, ते हातांना मात्र तोंडपाठ आहे.

बाहेर स्तामेन फाटकावर वडिलांचे निधनपत्रक चिकटवीत होता. त्याच्या हातात खळीची वाटी होती, आणि त्याची आत्या पेना आणि काका मातेय त्याच्या मागे उभे राहून देखरेख करीत होते.

“डावीकडे झुकलंय,” पेना म्हणाली.

“झुकू दे,” मातेय म्हणाला. “डावीकडे झुकलेलं कुणाला खटकत नाही हल्ली.”

“तू नको शिकवू. आणि हा फोटोत खांदा कुणाचा?”

स्तामेनचा ब्रश थांबला. फोटो सोफियात संसदेच्या पायऱ्यांवर काढलेल्या समूहचित्रातून कापून घेतला होता. कात्री कितीही जपून चालवली तरी शेजारच्या माणसाचा खांदा नेद्याल्कोला चिकटूनच राहिला होता.

“कुणाचा का असेना, ताई,” मातेय आवाज उतरवून म्हणाला. “त्याला फाशी झाली. तो विषय नको.”

“बरं, नको. पण हे काय लिहिलंय? ‘नेद्याल्को रादुलोव, द्राक्षबागायतदार.’ अरे, शेतकरी संघाचा खासदार होता तो! दोन वेली धड छाटल्या नाहीत त्यानं जन्मात. बाग राबवली ती तुझ्या वहिनीनं. पत्रक तिच्या नावाचं लावा, शोभेल तरी.”

“ताई, आज तरी जीभ आवर.”

“जीभच काय ती सामुदायिक शेतीत जमा करायची राहिलीय, मातेय. तीही मागशील एक दिवस.”

खिडकीतून हे ऐकताना वेलिकाला हसू आले, आणि हसू आल्याचा रागही आला. नणंद बोलत होती ते खरे होते. पण हे सारे घडवून आणणारा मातेयच होता, आणि त्याने ते वाईट बुद्धीने केले नव्हते, हेही तितकेच खरे होते. तो नवऱ्याचा धाकटा भाऊ. आता सामुदायिक शेतीचा अध्यक्ष, आणि गावसमितीत त्याचे वजन. नेवेनाला, स्तामेनच्या मुलीला, वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. शाळेतून ती पहिली आली होती. पण विद्यापीठात अर्ज करायचा तर गावसमितीचा दाखला हवा, आणि ‘आजोबा जनतेचा शत्रू, छावणीत’ असे लिहिलेल्या दाखल्यावर सोफियात कुणी मुलीला दारातही उभे करीत नाही.

“वहिनी,” मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो म्हणाला होता, “गेल्या वर्षी पार्सल परत आलं, ‘असा माणूस इथे नाही’ म्हणून. तुम्हाला कळत नाही असं नाही. आम्हीही समजून आहोत. तुम्ही गहू उकडा, फाटकावर पत्रक लागू दे, गावानं ‘देव क्षमा करो’ म्हणू दे. समिती काय लिहिते? गावाला जे माहीत तेच लिहिते. जिवंत शत्रू नातीच्या गळ्यात धोंडा असतो. मेलेला आजोबा म्हणजे नुसता आजोबा.”

सगळ्यांत मोठा विरोध पेनाने केला होता. तिने टेबलावर मूठ आपटली होती, भाचेसून त्सोन्काला ‘मुलीसाठी सासऱ्याला पुरायला निघालीस’ म्हणाली होती. त्सोन्का रडली होती. आणि नेवेना वेलिकाकडे बघत राहिली होती. त्या बघण्यापुढे वेलिका नमली.

दुपार होत आली. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली टेबले मांडली होती. शेजारपाजारचे लोक चमचे घेऊन बसले होते, मधूनमधून राकिया दारूचा घोट घेण्याआधी मृतासाठी म्हणून थोडी जमिनीवर सांडत होते. पाद्री दफनभूमीत होता. सगळ्या घरांच्या थडग्यांवर प्रार्थना म्हणून झाल्यावर तो इथे शेवटी येणार होता, कारण रादुलोवांच्या माणसाला थडगे नव्हते. नेवेना रीतीप्रमाणे बाकांवर अक्रोडाची पाने पसरीत होती. तिच्याजवळच चेरीची टोपली होती. त्यातली एकही तिने उचलली नव्हती, हे वेलिकाने पाहिले. नियम नातीला लागू नव्हता, पोरीला कुणी सांगितलेही नव्हते, तरी ती तो पाळत होती.

तेवढ्यात फाटकाशी एक माणूस थांबला. उन्हात त्याने अंगात हिवाळी कोट घातला होता. तो पत्रक वाचू लागला. वाचता वाचता त्याने टोपी काढली आणि ती छातीशी धरून तो तिथेच उभा राहिला, आत येईना.

वेलिका हात पुसत फाटकाशी गेली. चेहरा ओळखायला तिला वेळ लागला. दात गेले होते, गाल आत ओढले होते. कान तेवढे छावणीत नेलेल्या पाणचक्कीवाल्या ग्रोझदानचे होते.

“ग्रोझदानभावजी? सोडलं तुम्हाला?”

“सोडलं, वहिनी.” तो रडत होता. “थेट इकडेच आलो, घरी पण गेलो नाही. मला काय ठाऊक! मंगळवारी मी नावेत बसलो तेव्हा त्यानं आपल्या पावातला तुकडा मोडून माझ्या खिशात घातला. वाटेत लागेल म्हणाला. इतक्यात काय झालं हो त्याला? कधी गेला?”

वेलिकाने फाटकाचा खांब धरला.

“कुठल्या मंगळवारी?”

“ह्या. ह्याच मंगळवारी.” त्याने पत्रकाकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग अंगणातल्या टेबलांकडे. टोपी त्याच्या हातात चुरगळली. “वहिनी... तुम्हाला कुणी सांगितलं तो गेला म्हणून?”

त्याच्या कोटाची बाही धरून तिने त्याला घराच्या मागल्या बाजूने स्वयंपाकघरात नेले. पेनाने ते पाहिले आणि मागोमाग आली. तिच्यामागे स्तामेन, आणि मातेय, कारण अध्यक्षाला कोण आले हे कळलेच पाहिजे. त्सोन्का दारात उभी राहिली.

ग्रोझदान पाणी प्याला आणि त्याने सांगितले. दान्यूबमधल्या त्या बेटावर नेद्याल्को होता. बंधारा घालायच्या कामावर. पाय सुजायचे, पण होता. पार्सलाचे म्हणाल तर ज्याने एखाद्या दिवशी काम नाकारले त्याचे पार्सल असेच परत जाते. आता माणसे सुटू लागली आहेत, जो कागदावर सही करील तो.

“कसला कागद?” पेनाने विचारले.

“दोन ओळी, पेनाताई. आमची चूक झाली, आम्ही शेतकऱ्यांचा घात केला, इथे काय पाहिलं ते बोलणार नाही. मी केली.” त्याने हात टेबलाखाली घेतले. “मी दोनदा वाचलं पण नाही.”

“आणि त्यानं?”

“तो म्हणतो, शेतकऱ्यांचा घात मी केला असं लिहायचं, तर मला मत देणाऱ्यांना एकेकाला जाऊन विचारावं लागेल. तुम्ही सोडा मला, विचारून येतो, मग सही करतो.” ग्रोझदान ओठ घट्ट मिटून हसला. “पहारेकरीसुद्धा हसतात त्याला. तो तसाच आहे. पायांत ते तुमचे मोजे घालून ऐटीत बसतो.”

“कुठले मोजे?”

“लोकरीचे, टाचेला लाल दोऱ्याचे. फेब्रुवारीत स्तामेन घेऊन आला होता ना.”

टाचेला लाल दोरा वेलिकाच घालीत असे, आपल्या हातचे ओळखू यावे म्हणून. त्या हिवाळ्यात तिने स्तामेनसाठी विणलेली जोडी प्लोव्दिवच्या गाडीत विसरल्याचे त्याने तिला सांगितले होते.

“मी काही ऐकलं नाही,” मातेय एकदम म्हणाला. तो उठून उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “हे बघा, मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मी तो मेलाच समजत होतो. जिवंत माणसाला मी समितीच्या कागदावर मेलेला लिहिला, तर उद्या मलाच त्या बेटावर नेऊन घालतील. वहिनी, थांबवा हे. लोकांना सांगा, तुम्हाला बरं वाटत नाही.”

“आता थांबवा?” त्सोन्का दारातून ओरडली. “महिनाभर तुम्हीच आमच्या मानगुटीवर बसला होतात, काका! पाद्री रस्त्याला लागला असेल. अर्धं गाव अंगणात बसलंय. आता थांबवलं की सगळ्यांना कळेल का थांबवलं ते. मग नेवेनाचा दाखला गेलाच, वर आपण सरकारला फसवायला निघालो होतो हे उघडं पडेल.”

“ती म्हणते ते खरं आहे,” पेना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. ती बाकावर बसली होती आणि तिच्या हातातली जपमाळ हलत नव्हती.

“मी नको नको म्हणत होते, तेव्हा मला वेडी ठरवलीत. आता ऐका. आधीच माघार घेतली असती तर एक होतं. आता अर्ध्यात सोडलं, तर तो इथेही मेला आणि पोरही गेली. माझा भाऊ गहू वाटून मरायचा नाही. गव्हानं मरायचा असता, तर पहिल्या महायुद्धातच मेला असता, आईनं त्याच्या नावाचे गहू वाटले होते तेव्हा. तेव्हाही तो परत आला. येऊन अख्खा पाव खाल्ला.”

वेलिका यांतले काही ऐकत नव्हती. ती मुलाकडे पाहत होती.

“तू भेटलास त्यांना.”

“हो.”

“आणि मला सांगितलं नाहीस. मला गहू निवडायला बसवलंस.”

“आई, तुला काय सांगणार होतो?” स्तामेन खिडकीकडे तोंड करून बोलू लागला. “मला जिल्ह्याला बोलावलं. म्हणाले, बापाला समजाव, सही करील तर उद्या घरी. नावेतून नेलं. एका शेडमध्ये समोरासमोर बसवलं. बाबांनी पहिलं काय विचारलं सांगू? द्राक्षबाग कशी आहे. मी म्हटलं, बाग काकानं सामुदायिकात घातली, बांध नांगरून टाकले. मग म्हणाले, नेवेना? मी म्हटलं, बाबा, तिला डॉक्टर व्हायचंय, तुमच्या सहीवर अडलंय. दोनच ओळी. तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. असा. आणि म्हणाले, ‘तिला होऊ दे काय व्हायचं ते. पण आजोबानं आपल्या पापाची कबुली देऊन मला डॉक्टर केलं, असं तिला आयुष्यभर सांगायला लागू नये.’”

तो वळला. त्याचे डोळे कोरडे होते, आणि तेच वेलिकाला जास्त लागले.

“दोन ओळी, आई. मी जन्मलो तेव्हा ते सभेला. माझ्या लग्नात ते सोफियात. आम्ही सगळे नेहमी शेतकरी संघाच्या त्या नारिंगी झेंड्याच्या मागे उभे. ठीक आहे. पण तिच्यासाठी दोन ओळी नाही? बेटावरून परत येताना नावेतच मी ठरवलं. त्यांना जर आमच्यासाठी जगायचं नसेल, तर आमच्यासाठी मरू तरी देत.”

“स्तामेन!” ग्रोझदान कळवळून म्हणाला.

“तुम्ही बोलू नका. तुम्ही सही केलीत. तुमच्या नाती शिकतील.”

वेलिकाला त्या मुलाच्या थोबाडीत द्यावी असे वाटले, आणि त्याच क्षणी त्याचे डोके छातीशी धरावे असेही वाटले. तो म्हणत होता त्यातले प्रत्येक वाक्य तिने स्वतः, कधी भांडी घासताना, कधी बागेत वेली बांधताना, मनात उच्चारलेले होते. स्तामेनच्या जन्मावेळी सुईण तिच्या नवऱ्याला शोधायला माणूस पाठवीत होती, आणि तो तिकडे कुठल्याशा स्टेशनवर धान्याच्या भावावर बोलत होता. तिसऱ्या दिवशी चिखलाने भरून आला आणि पाळण्यात झेंडा पसरून त्यावर पोराला निजवले. ती तेव्हा रागावली, आणि मग उभे आयुष्य रागावतच राहिली. तो राग तिने चांगल्या भांड्यासारखा घासूनपुसून जपला होता, कारण रागावण्यासाठी माणूस जिवंत लागतो. गेला महिनाभर, गहू उकडायचे ठरल्यापासून, तिला त्याच्यावर रागावता येत नव्हते, आणि त्यामुळे ती अगदी रिकामी झाली होती. आता तो राग परत आला होता. त्याच्यासोबत एक आनंदही आला होता, पण तो दाखवायला घरात कुठे जागा नव्हती.

“आजी.”

नेवेना खिडकीबाहेर उभी होती. हातात अक्रोडाची पाने. खिडकी उघडी होती, सकाळपासूनच.

“पाद्री आले,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल तसं.”

त्सोन्काने डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडावर दाबले. मातेय दाराच्या चौकटीकडे बघत होता.

वेलिकाने गव्हाचे ताट उचलले. वर साखरेचा थर तिने हातानेच गुळगुळीत केला होता आणि मधोमध बदामांनी क्रूस काढला होता. ताट जड होते. ती अंगणात आली तशी सगळे उभे राहिले. पाद्रीने घाईघाईत प्रार्थना म्हटली. त्याला उन्हाचा त्रास होत होता, शिवाय या घरात फार वेळ दिसणे त्याच्याही सोयीचे नव्हते. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले.

मातेय बाकाच्या कडेला, अर्धा बसलेला, अर्धा उठलेला.

“नेद्याल्को,” वेलिका म्हणाली. आवाज स्पष्ट होता. मागच्या बाकापर्यंत गेला.

मग ती एकेकाच्या पुढे गेली. चमचाभर गहू, ओंजळभर चेरी. प्रत्येकजण म्हणे, “देव त्यांना क्षमा करो,” आणि खाई. मातेयने खाल्ले, चावले, आणि गिळायला त्याला पाण्याचा घोट लागला. स्तामेनने मान खाली घालून खाल्ले. पेनाने आपला वाटा तळहातावर घेतला आणि तोंडाशी नेऊन अलगद एप्रनच्या खिशात सोडला. वेलिकाने ते पाहिले, पेनानेही तिने पाहिल्याचे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघींत भांडण झाले नाही.

नेवेनाने दोन्ही हात पुढे केले. तिची बोटे अक्रोडाच्या पानांनी काळपट हिरवी झाली होती.

“देव आजोबांना क्षमा करो,” ती म्हणाली, गावाला ऐकू जाईल अशी, एकदाही न अडखळता. आणि तिने सगळे खाल्ले, शेवटचा दाणासुद्धा. वेलिका तिच्याकडे पाहत राहिली. पोर हुशार होती. डॉक्टर होईल. जे लागते ते तिला एका दुपारीच आले होते.

ग्रोझदान मात्र टेबलापाशी आला नाही. माणसे पांगेपर्यंत तो मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगावर बसून होता. ऊन कलल्यावर तो निघाला तेव्हा वेलिका त्याच्यासोबत फाटकापर्यंत गेली.

“माझ्यावर राग धरू नका, वहिनी. मला ते खाववलं नसतं. त्यानं दिलेला पाव खाल्लाय मी.”

“मी विचारलं का?”

“माझा मेव्हणा अजून तिथेच आहे. पुढल्या महिन्यात आम्हाला भेटीला सोडणार म्हणतात. निरोप जाईल.” तो टोपी हातात फिरवू लागला. “काय सांगू त्याला?”

फांदीवर पाखरे चेरीसाठी भांडत होती. फांदीखालची जागा, जिथे ती दर वर्षी उभी राहत असे, तिथे आज बियांचा आणि चमच्यांतून सांडलेल्या साखरेचा सडा होता. मुंग्या आल्या होत्या.

“सांगा, सही करू नका म्हणावं.”

“तो करणारच नाही, वहिनी. मी तर—”

“ठाऊक आहे मला. जन्म काढलाय त्यांच्याबरोबर. तरी माझा निरोप म्हणून सांगा.” ती थांबली. “आता तर मुळीच करू नका म्हणावं.”

ग्रोझदानने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग फाटकावरच्या पत्रकाकडे. टोपी घालून तो उताराला लागला.

वाऱ्यावर पत्रकाचा खालचा कोपरा फडफडत होता. तिथली खळी वाळून सुटली होती. नेमका तो कोपरा, जिथे त्या फाशी गेलेल्या माणसाचा खांदा उरला होता. वेलिकाने अंगठा जिभेवर ओला केला, कागद सरळ केला, आणि तो पुरता चिकटेपर्यंत दाबून धरला.